राष्ट्रपतींची लेखणी



परवां संध्याकाळीं माझी नात परीक्षेसाठीं नागरिकशास्त्राचा धडा मोठ्यानें म्हणत बसली होती. 'भारताचा नागरिक असला पाहिजे; वयाचीं ३५ वर्षें पुरीं झालेलीं असलीं पाहिजेत; लोकसभेचा सभासद होण्यास पात्र असला पाहिजे; सरकारांतील लाभाचें पद त्याच्याकडे नसलें पाहिजे.' राष्ट्रपतीच्या पात्रतेचीं हीं चार वाक्यें तिनें पाढ्यासारखीं दोन-तीन वेळां घोकलीं आणि एकाएकीं थांबून मला विचारलें, "आजोबा, एवढेंच? मग आपल्या गल्लींतले निम्मे लोक राष्ट्रपति होऊं शकतील कीं!" शेजारीं माझे एक जुने स्नेही बसले होते. ते हंसून म्हणाले, "अग, कामहि तेवढेंच आहे. समोर येईल त्या कागदावर सही करावयाची. त्याला आणखी पात्रता ती कसली?" आणि मग त्यांनीं जमाखर्चच मांडला : महिना ५ लाख रुपये वेतन, ३४० दालनांचा प्रासाद, आणि काम काय, तर सही!

त्या वेळीं आम्ही सारेच हंसलों. पण तें बोलणें माझ्या मनांत घोळत राहिलें. कारण असें बोलणारे माझे स्नेही एकटे नाहींत. चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि राष्ट्रपतिपदाविषयीं दोन परस्परविरुद्ध समजुती सुखानें एकत्र नांदत असतात. घटनेचें पुस्तक उघडावें तों वाटतें, कीं राष्ट्रपति म्हणजे सर्वसत्ताधीश. वर्तमानपत्र उघडावें तों वाटतें, कीं ती एक शोभेची मूर्ति. या दोहोंपैकीं खरें कोणतें, आणि नातीच्या 'एवढेंच?' या प्रश्नाला उत्तर काय, याचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम घटनेचें पुस्तकच उघडूं. संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायीं आहे, असें ५३ वें कलम सांगतें. भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही दलांचें सर्वोच्च आधिपत्य त्यांचें. पंतप्रधानांची नेमणूक ते करितात. राज्यपाल, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, निवडणूक आयुक्त यांच्या नेमणुका त्यांच्या स्वाक्षरीनें होतात. संसदेचें अधिवेशन ते बोलावितात आणि लोकसभा ते विसर्जित करितात. दोन्ही सभागृहांनीं संमत केलेलें विधेयकहि त्यांच्या संमतीवांचून कायदा होत नाहीं. सभागृहें भरलेलीं नसतांना ते वटहुकूम काढूं शकतात. फांशीची शिक्षा झालेल्या माणसाला जीवदान देण्याचा अधिकार त्यांचा, आणि देशावर संकट आलें असतां आणीबाणी पुकारण्याचा अधिकारहि त्यांचाच. ही यादी वाचून एखाद्याला दिल्लीच्या जुन्या बादशहांची आठवण झाली तर त्यांत नवल नाहीं.

परंतु या साऱ्या सत्तेला ७४ व्या कलमानें एक दोरी बांधलेली आहे. राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठीं पंतप्रधानांच्या नेतृत्वाखालीं मंत्रिमंडळ असावें, असें तें कलम म्हणतें. आणि राष्ट्रपति जें करितात तें त्या सल्ल्यानें करितात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा घटनासमितीपुढें मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हें स्पष्ट करून सांगितलें होतें. इंग्लंडच्या घटनेंत राजाचें जें स्थान तेंच येथें राष्ट्रपतींचें. ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, पण कारभाराचे प्रमुख नव्हेत. राष्ट्राचें प्रतिनिधित्व त्यांच्याकडे, राज्य चालविणें त्यांच्याकडे नाहीं. राष्ट्राचे निर्णय ज्या मोहोरेनें जाहीर व्हावयाचे त्या मोहोरेसारखें त्यांचें स्थान आहे, अशा आशयाचें तें विवेचन होतें.

मोहोर म्हटली म्हणजे मराठी माणसाला आपल्या जुन्या दप्तरांतील कागद आठवतात. पत्राच्या शेवटीं मोर्तब उमटल्यावांचून पत्र पुरें झालें, असें कोणी मानीत नसे. मोर्तब मजकूर लिहीत नाहीं. मजकूर ठरविणारे निराळे. माझ्या स्नेह्यांचें म्हणणें येथवर बरोबर आहे. पण मग एक प्रश्न उरतोच. घटनाकारांना जर केवळ मोहोरच हवी होती, तर ती पितळेची कां केली नाहीं? ती जिवंत माणसाच्या हातीं कां दिली? माझ्या मतें याचें उत्तर असें, कीं पितळेचा शिक्का कागद वाचीत नाहीं, माणूस वाचतो. आणि वाचणाऱ्याला प्रश्न विचारतां येतो. राष्ट्रपतिपदाची पात्रता, त्याचे अधिकार आणि त्याचे लाभ या तिन्ही गोष्टींचा अर्थ या एका गोष्टींतून लागतो.

आतां हा माणूस निवडावयाचा कसा, तें पाहूं. घटनासमितींत प्रो. के. टी. शहा यांनीं असें सुचविलें होतें, कीं राष्ट्रपतीला साऱ्या प्रौढ मतदारांनीं प्रत्यक्ष निवडावें. ती सूचना मान्य झाली नाहीं. कोट्यवधि लोकांच्या मतांनीं निवडून आलेला माणूस नुसता सल्ला ऐकत बसणार नाहीं. लोकांनीं मला सत्ता दिली आहे असें म्हणून तो मंत्रिमंडळाशीं स्पर्धा करूं लागेल, ही भीति उघड होती. म्हणून राष्ट्रपतींची निवडणूक लोकांच्या प्रतिनिधींकडे सोंपविण्यांत आली. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद मिळून हें मतदारमंडळ होतें. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें त्यांत दिल्ली व पुदुच्चेरी येथील विधानसभांचीहि भर पडली. विधानपरिषदेच्या सभासदांना आणि नामनियुक्त सभासदांना येथें मत नाहीं.

या मतांची किंमतहि सारखी नसते. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येनें भागावयाचें आणि आलेल्या आंकड्याला पुन्हां १,००० नें भागावयाचें, म्हणजे एका आमदाराच्या मताचें मूल्य निघतें. महाराष्ट्रांतील आमदाराच्या मताचें मूल्य १७५, उत्तर प्रदेशांतील आमदाराच्या मताचें २०८, गोव्यांतील आमदाराच्या मताचें २० आणि सिक्कीममधील आमदाराच्या मताचें अवघें ७. यासाठीं धरलेली लोकसंख्या मात्र १९७१ च्या शिरगणतीची आहे. ज्या राज्यांनीं लोकसंख्येला आळा घातला त्यांचें वजन त्यामुळें कमी होऊं नये, या हेतूनें तो आंकडा गोठविण्यांत आला. २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीचे आंकडे प्रसिद्ध होईपर्यंत तो तसाच राहावयाचा आहे. सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनें भागलें, कीं एका खासदाराच्या मताचें मूल्य येतें. २०२२ च्या निवडणुकींत तें ७०० होतें. अशा रीतीनें एका पारड्यांत राज्यें आणि दुसऱ्या पारड्यांत संसद ठेवून कांटा समतोल राखलेला आहे. राष्ट्रपति केवळ दिल्लीचे नव्हेत, ते सर्व राज्यांचेहि आहेत, हें या त्रैराशिकांतून सांगितलें गेलें आहे.

मत गुप्त असतें आणि तें पसंतीच्या क्रमानें द्यावयाचें असतें. या क्रमाला केवढें महत्त्व आहे, तें १९६९ सालीं साऱ्या देशानें पाहिलें. त्या वर्षीं मुख्य उमेदवार तिघे होते : व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी, आणि आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढें भारताचे अर्थमंत्री झालेले हेच ते देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं १९५६ सालीं मंत्रिपद सोडलें होतें, हें आपल्यापैकीं अनेकांना ठाऊक असेल. पहिल्या पसंतीच्या मोजणींत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतकीं मतमूल्यें मिळालीं. विजयासाठीं ४,१८,१६९ हवीं होतीं. म्हणजे कोणीच निवडून आलें नव्हतें. मग दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजण्यांत आलीं आणि अखेरीस गिरी ४,२०,०७७ वर पोहोंचले, तर रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. सुमारें साडेचौदा हजारांच्या फरकानें त्या वर्षीं राष्ट्रपति ठरला.

आतां नातीच्या प्रश्नाकडे वळूं. पात्रता 'एवढीच' कां? विद्येची, अनुभवाची, घराण्याची कांहींच अट कां नाहीं? १९६७ सालीं या पदासाठीं १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतील नऊ जणांना एकहि मत मिळालें नाहीं. तेव्हां कायदा कडक करण्यांत आला. १९७४ सालीं १० सूचक आणि १० अनुमोदक हवेत असें ठरलें. १९९७ सालीं ती संख्या प्रत्येकीं ५० झाली, आणि अनामत रक्कम १५,००० रुपये झाली. पण तेव्हांहि पात्रतेंत विद्येची वा अनुभवाची भर कोणी घातली नाहीं. आणि तें योग्यच झालें. या पदावर डॉ. राधाकृष्णन यांच्यासारखे तत्त्वज्ञ आले, गिरींसारखे कामगारांचे पुढारी आले, डॉ. अब्दुल कलाम यांच्यासारखे शास्त्रज्ञ आले. ज्यांचें शालेय शिक्षण फारसें झालें नव्हतें ते ग्यानी झैलसिंग आले, आणि केरळांतील एका गरीब दलित कुटुंबांत जन्मलेले के. आर. नारायणन आले. २००७ सालीं जळगांव जिल्ह्यांतील श्रीमती प्रतिभाताई पाटील या पहिल्या महिला राष्ट्रपति झाल्या. २०२२ सालीं ओडिशांतील एका संथाळ कुटुंबांत जन्मलेल्या आणि एके काळीं शिक्षिका असलेल्या श्रीमती द्रौपदी मुर्मू या पदावर आल्या. दार मुद्दामच रुंद ठेवलेलें आहे. आंत आल्यावर मात्र जी परीक्षा द्यावी लागते ती त्या चार वाक्यांत लिहिलेली नाहीं. ती कोणती, हें आपल्या राष्ट्रपतींच्या इतिहासावरूनच पाहावें लागतें.

पहिला प्रसंग पहिल्याच राष्ट्रपतींचा. डॉ. राजेंद्रप्रसाद यांना हिंदु कायद्याच्या सुधारणेचें विधेयक पसंत नव्हतें. आपण स्वतःच्या विवेकानुसार त्यावर निर्णय घेऊं इच्छितों, असें त्यांनीं १९५१ सालीं पंतप्रधान नेहरूंना कळविलें. नेहरूंनीं कायदेपंडितांचें मत घेतलें. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनीं सांगितलें, कीं राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें बांधलेले आहेत. राजेंद्रबाबूंनीं वाद ताणून धरला नाहीं. पुढें १९५५ व १९५६ सालीं विवाहाचे आणि वारसाचे नवे कायदे संसदेनें संमत केले, तेव्हां त्यांवर त्यांचीच संमतीची स्वाक्षरी झाली. मनांतील शंका त्यांनीं लपविली नाहीं, आणि लोकांनीं निवडलेल्या संसदेच्या आडहि ते आले नाहींत. राष्ट्रपतींनीं विचारावें, सांगावें, सावध करावें. पण शेवटचा शब्द लोकप्रतिनिधींचा, ही रीत तेथें पडली.

दुसरा प्रसंग २५ जून १९७५ च्या रात्रीचा. देशांत अंतर्गत अशांततेमुळें आणीबाणी जाहीर करावी, असें पंतप्रधान इंदिरा गांधींचें पत्र त्या रात्रीं राष्ट्रपति फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेलें, आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनीं घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाची बैठक तोंपर्यंत झालीच नव्हती; मंत्र्यांना दुसऱ्या दिवशीं पहाटे ६ वाजतां बोलावून ही गोष्ट सांगण्यांत आली. तत्पूर्वींच जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई आदि पुढारी पकडले गेले होते. २७ जून रोजीं राष्ट्रपतींच्याच नांवानें दुसरा आदेश निघाला, आणि जीवित व स्वातंत्र्य यांच्या रक्षणासाठीं न्यायालयाकडे धांव घेण्याचा नागरिकाचा हक्क तहकूब झाला. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि बहुमतानें असा निर्णय दिला, कीं असा आदेश असतां अटकेविरुद्ध दाद मागतां येत नाहीं. आपल्या घरांतून कर्ता माणूस रात्रीं नेला, तर 'कां नेला?' असें विचारण्याची जागाच उरली नाहीं. हें सारें ज्या कागदांपासून सुरू झालें त्या कागदांवरची सही ही 'नुसती सही'च होती!

अहमद हे अडाणी गृहस्थ नव्हते. केंब्रिज येथें त्यांचें शिक्षण झालेलें, ते बॅरिस्टर होते, आणि राज्यकारभाराचा त्यांना दीर्घ अनुभव होता. विद्येची अट घातली असती तरी ते सहज उत्तीर्ण झाले असते. तो सल्ला त्यांनीं फेटाळावयास हवा होता काय, यावर पंडितांनीं वाद घालावा. मी त्याहून लहान गोष्ट म्हणतों. 'मंत्रिमंडळ भरलें होतें काय? त्याचा ठराव कोठें आहे?' एवढें विचारण्यास त्यांना कोणताहि कायदा आडवा येत नव्हता. तो प्रश्न विचारला असता, तर फार तर अर्धी रात्र गेली असती. डिसेंबर १९७५ मध्यें अबू अब्राहम यांचें एक व्यंगचित्र इंडियन एक्स्प्रेसमध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत राष्ट्रपति स्नानाच्या टबांत बसूनच दारांतून पुढें केलेल्या वटहुकुमांवर सह्या करीत आहेत, असें दाखविलें होतें. लोक तें चित्र विसरले नाहींत. कारण कागद न वाचणारी मोहोर कशी दिसते तें त्यांत सर्वांना दिसलें.

आणीबाणी चालू असतांनाच, १९७६ सालीं, ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, असें स्पष्ट शब्दांत लिहिलें गेलें. पुढें सरकार बदललें आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावांचून राष्ट्रपतींनीं आणीबाणी पुकारूं नये, असें ठरलें, आणि 'अंतर्गत अशांतता' हे सैल शब्द जाऊन तेथें 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. आणि ७४ व्या कलमांत एक वाक्य वाढलें : राष्ट्रपति मंत्रिमंडळाला आपल्या सल्ल्याचा फेरविचार करावयास सांगूं शकतील; मात्र फेरविचारानंतर जो सल्ला येईल त्याप्रमाणें त्यांनीं वागलें पाहिजे. त्या रात्रीं जो प्रश्न विचारला गेला नाहीं, तो विचारण्याचा अधिकार संसदेनें असा घटनेंतच लिहून ठेवला. अधिकार एकदांच वापरावयाचा, पण तो वापरतां येतो.

एकदांच विचारून काय होतें, असें कोणी म्हणेल. काय होतें तें ऑक्टोबर १९९७ मध्यें दिसलें. उत्तर प्रदेशांतील कल्याणसिंगांचें सरकार बरखास्त करून तेथें राष्ट्रपति राजवट आणावी, असा सल्ला गुजराल मंत्रिमंडळानें दिला. राष्ट्रपति नारायणन यांनीं तो फेरविचारासाठीं परत पाठविला, आणि मंत्रिमंडळानें तो सोडून दिला. पुढच्याच वर्षीं वाजपेयींच्या सरकारनें बिहारविषयीं तसाच सल्ला दिला. नारायणन यांनीं तोहि परत पाठविला. पहिलें सरकार एका बाजूचें, दुसरें तिच्या विरोधी बाजूचें. प्रश्न मात्र दोघांनाहि एकच. फेब्रुवारी १९९९ मध्यें बिहारविषयींचा सल्ला पुन्हां आला, तेव्हां घटनेप्रमाणें त्यांनीं त्यावर स्वाक्षरी केली. राजेंद्रबाबूंनीं घालून दिलेली रीत येथें लेखी नियमाच्या रूपानें पाळली गेलेली दिसते.

विधेयकांच्या बाबतींत १११ वें कलम आणखी एक वाट ठेवतें. आर्थिक विधेयक सोडून इतर विधेयक राष्ट्रपति संसदेकडे एकदां परत पाठवूं शकतात. शिवाय निर्णय किती दिवसांत द्यावा, याची मुदत त्या कलमांत घातलेली नाहीं. १९८६ सालीं संसदेनें टपालाविषयींचें एक विधेयक संमत केलें. नागरिकांचीं पत्रें अडविण्याचा व उघडण्याचा फार विस्तृत अधिकार त्यानें सरकारच्या हातीं दिला असता. ग्यानी झैलसिंगांनीं त्यावर स्वाक्षरी केली नाहीं आणि तें परतहि पाठविलें नाहीं. तें तसेंच ठेवून दिलें. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपति आर. वेंकटरामन यांनीं तें १९९० सालीं फेरविचारासाठीं परत केलें, आणि २००२ सालीं सरकारनें तें मागें घेतलें. आपल्या घरीं आलेलें पाकीट कोणी फोडलेलें नसावें, ही साधी अपेक्षा त्या वेळीं एका न झालेल्या सहीनें राखली गेली. आणि ती सही राखून ठेवणारे गृहस्थ फारसे शिकलेले नव्हते.

प्रत्येक वेळीं असेंच घडलें आहे, असें मात्र नाहीं. मे २००५ मध्यें डॉ. कलाम मॉस्को येथें असतांना बिहारची विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला त्यांच्याकडे गेला आणि त्यांनीं तेथूनच स्वाक्षरी करून पाठविली. सर्वोच्च न्यायालयानें पुढें तें विसर्जन घटनाबाह्य ठरविलें. पुढच्याच वर्षीं 'लाभाच्या पदा'विषयींचें विधेयक त्यांच्याकडे आलें, तेव्हां मात्र त्यांनीं तें संसदेकडे परत पाठविलें. संसदेनें तें पुन्हां संमत केल्यावर त्यांनीं संमति दिली. एकाच माणसाची लेखणी एकदां घाईनें चालली आणि एकदां थांबली. म्हणून मी म्हणतों, कीं ही परीक्षा एकदां देऊन संपत नाहीं; प्रत्येक कागदाबरोबर ती पुन्हां द्यावी लागते.

आतां माझ्या स्नेह्यांच्या जमाखर्चाकडे येऊं. १९५० सालीं राष्ट्रपतींचें वेतन महिना १०,००० रुपये होतें. तें वेळोवेळीं वाढत जाऊन २०१८ च्या कायद्यानें, १ जानेवारी २०१६ पासून, ५ लाख झालें. त्यापूर्वीं तें दीड लाख होतें, आणि नव्या वेतनश्रेणींमुळें मंत्रिमंडळाच्या सचिवांचें वेतन अडीच लाखांवर गेलें होतें. म्हणजे राष्ट्राच्या प्रमुखाहून त्याचा अधिकारी अधिक मिळवीत होता! निवृत्तीनंतर वेतनाच्या निम्मी रक्कम निवृत्तिवेतन म्हणून मिळते. भाडें न देतां निवासस्थान, सेवकवर्ग आणि वैद्यकीय उपचार यांची सोय असते. दिल्लींतील राष्ट्रपति भवन ३४० दालनांचें आणि त्याचें आवार सुमारें ३३० एकरांचें. सिमल्याजवळ मशोबरा येथें आणि सिकंदराबादजवळ बोलाराम येथें आणखी दोन निवासस्थानें आहेत. हा प्रासाद मुळांत व्हाइसरॉयसाठीं बांधलेला. १९४८ सालीं राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल म्हणून तेथें राहावयास गेले, तेव्हां व्हाइसरॉयचीं दालनें त्यांना फार भव्य वाटलीं आणि ते पाहुण्यांच्या लहान भागांत राहिले. पुढें राष्ट्रपतींचें राहणेंहि त्याच भागांत होत आलें. तेव्हां ३४० दालनें राष्ट्राचीं. राहणाऱ्याच्या वाट्याला थोडींच येतात.

पण हे लाभ दिले कशासाठीं, हें त्या रकमांवरून कळत नाहीं. तें ५९ व्या कलमांतील एका ओळींत दडलेलें आहे. राष्ट्रपतींच्या कारकीर्दींत त्यांचें वेतन व भत्ते कमी करतां येणार नाहींत, असें तेथें म्हटलें आहे. ३६१ व्या कलमाप्रमाणें पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाहीं, कीं त्यांना अटक होत नाहीं. पंतप्रधान त्यांना काढून टाकूं शकत नाहींत. घटनाभंगाचा आरोप ठेवून, प्रत्येक सभागृहाच्या एकूण सभासदसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमतानें ठराव झाला तरच त्यांना महाभियोगानें दूर करतां येतें. आणि आजवर एकाहि राष्ट्रपतीवर तशी वेळ आलेली नाहीं. या सर्व तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे त्यांतील हेतु कळतो. जो कागद पुढें करतो त्याच्या हातीं या माणसाची भाकरी नसावी, घर नसावें, बेडीहि नसावी. म्हणजे प्रश्न विचारतांना त्याची जीभ अडखळणार नाहीं. लाभ हे त्या प्रश्नाचें चिलखत आहे. प्रश्नच विचारावयाचा नसेल, तर माझ्या स्नेह्यांचा हिशेब बरोबर आहे आणि ५ लाख हे फारच झाले!

या चिलखताला एक फट मात्र राहिलेली आहे. राष्ट्रपतींना पुन्हां उभें राहण्याची घटनेनें मनाई केलेली नाहीं. दोनदां निवडून येण्याचा मान आजवर एका राजेंद्रबाबूंनाच मिळाला. पण दुसऱ्या कारकीर्दीची आशा ही कोणाच्याहि मनांत उगवूं शकते, आणि तिचें बी ज्यांच्या हातीं मतें आहेत त्यांच्याच मुठींत असतें. तेथें कायदा कांहीं करूं शकत नाहीं. तेथें माणसाचा स्वभावच कामास येतो.

म्हणून शेवटीं शपथेकडे वळावें लागतें. केंद्रांतील मंत्री शपथ घेतात ती घटनेशीं खरी श्रद्धा व निष्ठा बाळगण्याची. राष्ट्रपति सरन्यायाधीशांसमोर शपथ घेतात ती घटनेचें व कायद्याचें जतन, संरक्षण आणि रक्षण करण्याची, व भारताच्या जनतेच्या सेवेला आणि कल्याणाला वाहून घेण्याची. निष्ठा बाळगणाऱ्यानें नियम पाळले म्हणजे त्याचें काम होतें. रक्षण करणाऱ्याला जागें राहावें लागतें. राखणदारानें धन्याचा माल आपला म्हणूं नये, हें खरें. पण रात्रीं दार कोणी ठोठावलें तर 'कोण आहे?' एवढें तरी त्यानें विचारावयास हवें.

दुसऱ्या दिवशीं मीं नातीला बोलावून सांगितलें, कीं तुझीं चार वाक्यें बरोबर आहेत आणि परीक्षेंत तींच लिही; गुण त्यांनाच मिळतील. पण मोठी होऊन तूं मत देशील, तेव्हां पांचवें वाक्य लक्षांत ठेव. राष्ट्रपति निवडणारे आमदार आणि खासदार आपणच निवडतों. जे स्वतः आपल्या पुढाऱ्याला प्रश्न विचारीत नाहींत, असे प्रतिनिधि प्रश्न विचारणारा राष्ट्रपति कोठून शोधून आणणार? तिनें थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा, सही करण्यापूर्वीं वाचतां आलें पाहिजे." माझे स्नेही त्या दिवशींहि आले होते. या वेळीं ते हंसले नाहींत.